फेंडरच्याही आधीची बास

प्रश्न : पहिली इलेक्ट्रिक बास गिटार म्हणजे फेंडर कंपनीची १९५१ची ‘प्रिसिजन’च ना?

उत्तर : नाही हो! अमेरिकेतल्या सिएटलचे वाद्यनिर्माते पॉल टटमार्क यांनी १९३६च्या सुमारास ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ काढली होती. त्याआधी खर्जाचे सूर वाजायचे ते डबल बासवर, म्हणजे उभ्यानं वाजवायच्या व्हायोलिनसारख्या थोरल्या वाद्यावर. हा अवाढव्य डबल बास गाडीत घातला की वादकापुरतीच जागा उरायची, बाकीची मंडळी दुसऱ्या गाडीत. टटमार्कना त्या एकट्या वादकाची कीव यायची.

अक्रोडाचं भरीव लाकूड, चार तारा, एकच पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग), तारेची लांबी फेंडरच्या ३४ इंचांपुढे जेमतेम ३०. पण मला कौतुक फ्रेट्सचं, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांचं: बोट पट्टीमागे ठेवलं की सूर पक्का. टटमार्कांच्या पत्नी लॉरेनही ती वाजवायच्या. खपली मात्र फारच थोडी; आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात.