थंडीत म्हातारं माणूस गप्प झालं, तर पोटाला हात लावून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की मेढ्याकडे आई एकट्या राहतात, हल्ली फोनवर अडखळतात, उन्हं वर आली तरी उठत नाहीत आणि शेजारच्या काकू म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’ तुमचा प्रश्न हीटर कोणता घ्यावा एवढाच आहे. पण ते ‘वय झालं’ वाचून राहवलं नाही.

आमच्या अण्णांचं हेच झालं. पुसेगावची यात्रा जवळ आली की आमच्या खटावात थंडी चावायला लागते. अण्णा दिवसभर अंथरुणात, जेवण नको, जीभ जड, हातातला चहा गोधडीवर सांडला. थंडी वाजते असं एकदाही म्हणाले नाहीत, कुडकुडतही नव्हते. सदऱ्याच्या आत हात घातला तर पोट गार. रात्रीच एका दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही. तिथल्या माणसाने काखेत थर्मामीटर लावला. आकडा येईना, नुसती ‘एल ओ’ अशी अक्षरं. त्याने झटकून परत लावला, परत तेच. “मशीन बिघडलंय. ताप नाही ना? मग सकाळी ओपीडीला या.” पोटाला हात तरी लावून बघा म्हणून विनवलं, तर त्याने पुढचा केसपेपर ओढला.

मशीन ठणठणीत होतं. बरेच डिजिटल थर्मामीटर साधारण ९० फॅरनहाइटच्या खाली आकडाच दाखवत नाहीत, नुसतं ‘लो’, म्हणजे ‘फार कमी’, एवढंच दाखवतात. शरीराचं तापमान ९५च्या खाली गेलं की तीच इमर्जन्सी असते. दुसरीकडे पोहोचेपर्यंत अर्धी रात्र गेली. अण्णा वाचले, पण नंतर बरेच दिवस अंथरुणालाच होते. रात्रपाळीच्या माणसाला एवढं शिकवलेलं नसावं, याचा राग अजून जात नाही. आपल्याकडे थर्मामीटर म्हणजे ताप, बाकी काही नाही.

मी डॉक्टर नाही, तुमच्या आईंना थायरॉइड, शुगर किंवा आणखी काही असू शकतं. बोलणं अचानक अडखळायला लागलं असेल, तोंड वाकडं दिसत असेल किंवा एका हातातली ताकद गेली असेल, तर तो पक्षाघातही असू शकतो, क्षणभरही थांबू नका. एरवीही आजच कुणाला तरी घरी पाठवून पोटाला हात लावायला सांगा. गार असेल तर १०८ला फोन. तोवर ओले कपडे काढून कोरडे घालायचे, डोक्याला कानटोपी, छाती-पोटावर घोंगडं. हातपाय चोळायचे नाहीत, कढत पाण्याने आंघोळ नाही, आणि ब्रँडीचा घोट तर अजिबात नाही, त्याने अंगातली ऊब उलट बाहेर जाते. पूर्ण शुद्धीवर असतील, नीट गिळत असतील, तरच गोड चहा.

हीटर तेलाचा घ्या, त्यात उघडी तार नसते. पण दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. गावाकडच्या जुन्या सहा अँपिअरच्या प्लगला तो लावू नका, सोळाचा पॉइंट वायरमनकडून वेगळा काढून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड नको. माझं स्पष्ट मत, हीटरआधी दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा आणि पलंगाखालच्या फरशीवर जाड सतरंजी टाका.

घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपायची सवय असेल तर ती भांडून मोडा. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाल्या तर आधी दार उघडा. बाथरूममधल्या गॅस गीझरचंही तेच, तो बाहेर बसवून घ्या. आंघोळ पहाटे नको, दुपारी ऊन असताना.

शुगर असेल तर गरम पाण्याची पिशवी थेट पायाला लावू नका. पाय बधिर असतात, फोड आले तरी समजत नाही. पंच्यात गुंडाळून अंथरूण तेवढं गरम करा आणि झोपायच्या आधी काढून घ्या. रात्री लघवीला उठताना मोजे फरशीवर घसरतात. म्हणून पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणि एक बारीक दिवा, एवढं या आठवड्यातच करून टाका.