स्वयंपाकघराचं काम रेंगाळलंय? रेंगाळू द्या

फक्त शनिवार-रविवारी स्वतःच्या हाताने स्वयंपाकघर नव्याने करणाऱ्याचं काम असंच सरकतं, धीर सोडू नका. आधी गॅलरीत शेगडी आणि पाण्याची तात्पुरती सोय पक्की करा. दोन वेळचं जेवण नीट झालं की घरातली घाई आपोआप कमी होते.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- भिंत बुजवण्याआधी फोटो न काढणं. मोजायची टेप भिंतीला लावून, पाइप आणि वायरी दिसतील असा फोटो घ्याच. पुढे ट्रॉलीसाठी, फडताळासाठी ड्रिल मारताना नेमकं कुठे भोक पाडायचं नाही ते त्यातूनच कळतं.
- नव्या प्लास्टरवर पाणी न मारणं. किमान 7 दिवस, सकाळ-संध्याकाळ.
- सिंकखाली साधा प्लाय. टिंबर मार्केटला गेलात की शीटवर आयएस 710 चा (म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का स्वतः बघा.

ओट्याची उंची पुस्तकी आकड्यावर नको. रोज पोळ्या लाटणाऱ्याला उभं करून ठरवा. वायरिंग आणि गॅसची लाइन मात्र जाणत्या माणसाकडूनच, तिथे हौस नको.

चिमणी, ट्रॉल्या, लाइट सगळं नंतर बघू. या आठवड्यात सिंकची एकच भिंत संपवा आणि कुठे अडतंय ते सांगा.