उशिरा पेरलेला गहू इतक्या घाईनं का पिकतो?

प्रश्न : आमचं शेत नागपूरजवळ मौद्याकडं आहे. धान निघायला उशीर झाला म्हणून गहू 14 डिसेंबरला पेरला, शेजारच्या काकांनी 12 नोव्हेंबरला. पेरणीत महिन्याचा फरक, पण कापणीत पंधराच दिवसांचा, आणि आमचा दाणा बारीक, सुरकुतलेला. खत-पाणी सारखंच होतं, मग चुकलं कुठं?

उत्तर : ताई, खत-पाण्याला दोष देऊ नका, हा सगळा टेंपरेचरचा खेळ आहे. गव्हाचं वय दिवसांवर नाही, उबेवर धरतात. दिवसाचं जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान घ्या, सरासरी काढा, झाले तेवढे युनिट. डिसेंबरात 28 आणि 12 असेल तर 20 युनिट, मार्चात 36 आणि 20 असेल तर 28. आता समजा दाणा भरायला 700 युनिट लागतात, तर गारव्यात 35 दिवस मिळतात अन् मार्चच्या उन्हात फक्त 25, म्हणजे चिक भरायचे दहा दिवस गेलेच ना! त्यात उन्हानं पानंही लवकर वाळतात, मग दाण्यात भरणार काय. काकांची ओंबी थंडीत भरली, तुमची उन्हात सापडली.

दिवस लहान-मोठा असण्याचं म्हणाल तर गहू मुळात मोठ्या दिवसाचं पीक, म्हणजे दिवस मोठा झाला की ओंबी धरणारं, आणि आपल्याकडं डिसेंबरात दिवस जेमतेम 10 तास 50 मिनिटांचा. तरी तो ओंबी धरतो, कारण गव्हाचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत सोनोरा आणि टोलुका अशा दोन वेगळ्या ठिकाणी वर्षाला दोन पिकं घेऊन वाण निवडले, दोन्हीकडं टिकले ते दिवसाच्या लांबीसाठी अडून न बसणारे, आणि तेच बियाणं 1960 च्या दशकात भारतात आलं. युरोपातला हिवाळी गहू इथं पेरला तर कित्येक आठवड्यांची कडक थंडी न मिळाल्यानं नुसतं गवत वाढल्यासारखा राहील.

पुढच्या वर्षी धान लवकर निघणारी व्हरायटी लावा, मला तर खरा उपाय हाच वाटतो. तरी उशीर झालाच तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा एकेएडब्ल्यू 4627 हा उशिरा पेरणीचा वाण घ्या, फुटवे कमी येतात म्हणून बियाणं एकरी 50 किलोच्या आसपास ठेवा, ओळी जवळ घ्या, आणि पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांचं पहिलं पाणी चुकवू नका, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) तेव्हाच फुटतात. 15 डिसेंबर ओलांडली की मात्र गव्हाचा नाद सोडा.