पाणी ओसरल्यानंतरची दोन वर्षं : घरांविषयी वाचकांचे प्रश्न

पूर आणि पडझड झालेल्या गावांतून घरांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या विषयाची पत्रं एकत्र केली आहेत.

पूर ओसरला त्या आठवड्यात तलाठी आले तेव्हा आमची मागची भिंत उभी होती, म्हणून पंचनाम्यात ‘अंशतः’ लिहिलं गेलं. आता सव्वा महिन्याने तीच भिंत पोट काढून बाहेर आली आहे. दाद मागता येईल का?
— एक भगिनी, ता. शिरोळ

येईल, आणि थांबू नका. दगड-मातीची भिंत पाण्यात असताना पडतेच असं नाही, पुष्कळदा ती वाळताना पडते. कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी माती पाण्याने फुगते आणि सुकताना आक्रसते. घराखाली ती एकसारखी सुकत नाही. उन्हाकडची बाजू आधी सुकते, घराच्या पोटातली ओलीच राहते. मग पाया एका अंगाने बसतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. पोट निघण्याचं कारण वेगळं असतं. जाड भिंतीत बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन थर असतात. मधली माती पुराने धुऊन नेली की दोन्ही थरांची गाठ सुटते आणि बाहेरचा थर एकटाच फुगतो.

आधी जीव सांभाळा. त्या भिंतीला लागून कोणी झोपू नये. माळवद (मातीचं सपाट छत) असेल तर त्या बाजूच्या तुळयांना आतून लाकडी टेकू द्या आणि वर साठवलेलं सामान उतरवा.

मग पुरावा. भेगेवर आडवी, दोन बोटं रुंद अशी प्लास्टर ऑफ पॅरिसची टिकली लावा आणि ती ओली असतानाच तिच्यावर तारीख कोरा. टिकली तडकली की भिंत अजून हलते आहे, हे साध्या डोळ्यांना दिसतं. दर आठवड्याला त्याच जागेवरून, मोजपट्टी धरून फोटो काढा. फुगलेल्या जागी वरून ओळंबा सोडून भिंत किती बाहेर आली तेही मोजा.

हे सगळं जोडून तहसीलदारांकडे फेरपंचनाम्याचा अर्ज करा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. सोबत नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या घरनोंदणीचा) उतारा, वीजबिल, रेशनकार्ड, आधार आणि पासबुक. घर सामायिक असेल तर भावांचं संमतीपत्र आत्ताच करून ठेवा, पुढे बहुतेक अर्ज याच कागदापायी अडतात. एवढा खटाटोप का करायचा ते आकड्यांवरून कळेल. 2022-26 या काळासाठीच्या केंद्राच्या आपत्ती निधी निकषांत किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये आणि कच्च्याला 4,000 आहेत. पूर्ण पडलेल्या किंवा तीव्र नुकसान झालेल्या घराला मात्र सपाट भागात 1,20,000 आणि डोंगराळ भागात 1,30,000 आहेत. तुमची भिंत कोणत्या रकान्यात बसते, त्यावर तुमची पुढची दोन वर्षं ठरणार आहेत. एकटीने जाऊ नका. गल्लीतल्या अशा सगळ्या घरांची यादी करून एकाच दिवशी अर्ज द्या.

बाहेरच्या संस्थांकडून पत्रे, सिमेंट आणि थोडे पैसे आले. कोणाला किती द्यायचं यावरून गावात भांडणं लागली आहेत. समिती कशी असावी?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. माढा

समितीच्या आधी वही हवी. घरागणिक एक पान. त्यावर नमुना 8 चा क्रमांक, घर कोणाच्या नावावर, आत प्रत्यक्ष कोण राहतं, काय पडलं, सरकारकडून किती मिळालं आणि कुठल्या तारखेला, संस्थेकडून काय मिळालं, अजून काय अडलंय. ही वही महिन्यातून एकदा चावडीवर मोठ्याने वाचायची. निम्मी भांडणं त्या वाचनातच मिटतात, कारण बहुतेक वेळा भांडणाच्या मुळाशी संशय असतो.

समितीत सात ते नऊ माणसं पुरेत. निम्म्या बायका असाव्यात, प्रत्येक वस्तीचं माणूस असावं आणि एक गवंडी हवाच. खात्यावर दोन सह्या, त्यातली एक बचत गटाची. वाटप समसमान करू नका. समसमान वाटप न्यायाचं दिसतं, पण ज्याला सोसायटी कर्ज देते तो पुढे निघून जातो आणि एकटी राहणारी म्हातारी दोन पोती सिमेंट उशाशी घेऊन बसते. ज्यांना दुसरं कोणीच उभं करणार नाही त्यांची नावं आधी घ्या. आलेल्या पैशांतला दहावा हिस्सा दुसऱ्या पावसाळ्यासाठी बाजूला ठेवा, कारण दुरुस्तीतली चूक तेव्हाच उघडी पडते.

किल्लारीच्या भूकंपानंतरचा अनुभव इथे उपयोगी पडेल. 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटेनंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. त्याहून कितीतरी अधिक गावांत मालकांनी स्वतः, हप्त्याहप्त्याने मिळालेल्या पैशातून घरं दुरुस्त केली. तिथे महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. हप्ता का अडला, गवंडी काय चुकतोय, कोणाला किती देय आहे, हे त्या घरोघरी सांगत. तरी एक चूक पुष्कळांकडून झाली. मिळालेल्या पैशात लोकांनी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि जुनं दगडी घर मजबूत न करता वापरत राहिले. म्हणून वहीत आणखी एक रकाना घाला, ‘रात्री कुठे झोपतात’.

सिमेंटबद्दल एवढंच, की ते साठवू नका. तीन महिन्यांनी त्याची ताकद उतरते. जमिनीपासून अर्धा फूट वर फळ्या टाकून, भिंतीपासून फूटभर दूर आणि दहा पोत्यांपेक्षा उंच थप्पी न लावता ठेवा. गवंडी मिळेल त्याच आठवड्यात त्या घराचं सिमेंट द्या.

दगडी भिंती उभ्या आहेत. लगेच सिमेंटचा गिलावा मारून घ्यावा का?
— वाचक, ता. परांडा

नको. ओल्या मातीच्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, लोणा (भिंतीवर फुटणारा क्षार) धरतो आणि वर्षाभरात गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. तोवर आतली माती भुसभुशीत झालेली असते. खालचा तीन फुटांचा जुना गिलावा खरवडून काढा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि उन्हाळ्याचे निदान दोन महिने जाऊ द्या. मग माती-चुन्याचा गिलावा करा. सिमेंट वापरायचंच असेल तर ते दगडांच्या दरजा भरण्यापुरतं.

ही थांबण्याची वेळ वाया जात नाही, कारण जोडदगडाचं काम याच दिवसांत करून घ्यायचं असतं. जोडदगड म्हणजे भिंतीच्या आरपार जाणारा, दोन्ही थरांना धरून ठेवणारा दगड. जुन्या भिंतीत तो नसेल तर काँक्रीटचा करता येतो. दर दोन फूट उंचीला आणि आडवं चार फुटांच्या आत, वरखाली एकाआड एक अशा जागा खडूने आखा. प्रत्येक जागी एक दगड पहारीने हलवून सैल करून काढा. घण मारला तर शेजारचे चार दगड सुटतात. बाहेरून आत आणि आतून बाहेर असं जाऊन मध्ये तीन इंचांचं भोक मिळवा, दोन्ही तोंडांना ते थोडं रुंद ठेवा. त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली 8 मिमीची सळई ठेवून 1:2:4 चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट ठासून भरा आणि दहा दिवस पाणी मारा. इथे गवंडी दोन ठिकाणी चुकतात. एक तर सगळी भोकं एकाच दिवशी पाडतात. एका वेळी एकच पाडा, भरा, मग पुढे जा. दुसरं, फुगलेल्या भागातच हे करू पाहतात. फुगलेला भाग टेकू देऊन उतरवायचा आणि नव्याने रचायचा, त्याला दुसरा इलाज नाही.

नव्याने रचताना भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नका. अडीच फुटांच्या भिंतीत पोटात नुसता चुरा भरलेला असतो.

आम्ही भाड्याने राहतो. मालकाने पंचनाम्यात स्वतःचंच नाव दिलं.
— वाचक, सांगली

घराच्या पडझडीची मदत मालकाची, पण वाहून गेलेले कपडे आणि भांडी तुमची. त्यासाठीची मदत (वर सांगितलेल्या 2022-26 च्या निकषांत प्रत्येकी 2,500 रुपये) कुटुंबाला आहे. रेशनकार्ड, भाडेपावती किंवा मुलांच्या शाळेचा पत्ता आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब जोडून वेगळा अर्ज द्या. दुरुस्तीनंतर भाडं वाढवून बाहेर काढण्याचा धोका खराच असतो. गावसमितीने मालकाला साहित्य देताना वर्षभर त्याच भाड्यात कुळ ठेवण्याचा लेखी करार करून घेतला, तर तुमचं छप्पर टिकेल.

गाव उठवून वर नेण्याची चर्चा आहे. होकार द्यावा का?
— ग्रामस्थ, ता. महाड

जागा पाहिल्याशिवाय देऊ नका, आणि पाहायची ती पावसात. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. नवं माळीण आमडे गावाच्या हद्दीत बांधून 2017 च्या एप्रिलमध्ये लोकांच्या ताब्यात दिलं, आणि जूनमधल्या पहिल्याच जोराच्या पावसात तिथला भराव खचून रस्ते नि गटारं फुटली. डोंगरउतारावर जागा सपाट करताना एका बाजूची माती कापून दुसऱ्या बाजूला टाकतात. कापलेली बाजू घट्ट असते, टाकलेली बसायला वेळ घेते. तेव्हा नकाशावर कापीव आणि भराव वेगवेगळ्या रंगात दाखवून मागा. भरावावर एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय घराची आखणी करू देऊ नका. आणि प्लॉटची सोडत काढण्याआधी आपलं घर कुठल्या रंगावर पडतं, ते प्रत्येक कुटुंबाने जागेवर उभं राहून पाहून घ्या.