तेरा वर्षांच्या मुलाला ट्रायलसाठी स्पेनला पाठवू का? नागपूरच्या एका कोचचं उत्तर

आधी ते पैसे भरू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण उद्या बँकेत जाणार असाल तर तेवढं थांबवा.

तुम्ही लिहिलंय की मुलगा तेरा वर्षांचा आहे, आठवीत आहे, शाळेच्या संघात विंगवर खेळतो. एका ‘एजंट’ने स्पेनमधल्या अकादमीत पंधरा दिवसांची ट्रायल लावून देतो म्हणून साडेतीन लाख मागितलेत. आवडला तर तिथेच करार, असं तो म्हणतो. तुम्ही एफडी मोडायच्या विचारात आहात आणि विचारताय, पाठवू का? आणि नाही पाठवलं तर नागपुरात राहून त्याचं काही होईल का?

मी नागपूरचाच. बारा वर्षं जिल्हा लीग खेळलो, गेली अठरा वर्षं पोरांना शिकवतो. पहाटे ग्राउंड, मग नोकरी. माझ्याकडची दोन पोरं रेल्वेत लागली, एक जण दुसऱ्या राज्यात करारावर खेळला, काही जण स्वतः कोच झाले. आणि एका घराचे पैसे अशाच फोनवर गेले.

ते घर कामठी रोडवरचं. वडील ऑटो चालवायचे. पोरगा पंधरा वर्षांचा, माझ्या हाताखालून गेलेला सगळ्यात हुशार हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. घरच्यांनी आईच्या पाटल्या मोडून दोन लाख उभे केले. पोरगा परदेशी गेला, अकरा दिवस राहिला. हॉस्टेल खरं होतं, मैदान हिरवंगार, कोच गोरे, सराव दिवसातून दोनदा. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणि टी-शर्ट मिळाला, आणि परतीचं विमान. ती ट्रायल नव्हतीच, पैसे भरणाऱ्या कोणत्याही मुलाला घेणारा तो कॅम्प होता. परत आल्यावर त्याला वाटलं आपणच कमी पडलो. दोन महिने तो ग्राउंडवर फिरकला नाही. जाण्याआधी त्याच्या वडिलांनी मला विचारलं होतं, ‘सर, काय करू?’ मी म्हणालो होतो, ‘बघा, संधी आहे.’ मला तेव्हा नियम माहीत नव्हता. माहीत असायला हवा होता. म्हणून आज इतकं सविस्तर लिहितोय.

फिफाच्या खेळाडू नोंदणी आणि बदलीच्या नियमावलीत १९वं कलम आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची परदेशी क्लबमध्ये नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर, युरोपीय देशांच्या आपसात सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी, सीमेलगत राहणाऱ्यांसाठी, निर्वासित मुलांसाठी, आणखी एकदोन. तुमच्या घराला त्यातलं काही लागू होत नाही. म्हणजे समजा मुलगा तिथल्या कोचला खरंच आवडला, तरी तो क्लब त्याला अधिकृत सामन्यात उतरवू शकत नाही. ‘तिथेच करार’ हे शब्द ऐकले की समोरचा माणूस एकतर अडाणी आहे किंवा खोटं बोलतोय, एवढं पक्कं समजा.

हा नियम कागदावरचा नाही. २०१४ मध्ये फिफाने याच कारणावरून बार्सिलोनासारख्या क्लबवर सलग दोन ट्रान्स्फर विंडो, म्हणजे खेळाडूंची बदली करता येते ते दोन ठरावीक काळ, नवे खेळाडू नोंदवायची बंदी घातली. त्या प्रकरणात जपानचा ताकेफुसा कुबो अडकला. दहाव्या वर्षी त्याला बार्सिलोनाने आपल्या ला मासिया अकादमीत घेतलं होतं. पैसे भरून नव्हे, गुणावर. तरीही त्याला सामने खेळता येईनात. २०१५ मध्ये तो जपानला परतला, एफसी टोकियोकडून खेळत मोठा झाला, आणि जून २०१९ मध्ये, अठरा पूर्ण होताच, रेआल माद्रिदने त्याला घेतलं. मधली चार वर्षं त्याने आपल्या देशात, आपल्या भाषेत, सामने खेळत काढली.

कुणी म्हणेल, कोरियाचा सोन ह्युंग-मिन तर सोळाव्या वर्षी जर्मनीत गेला होता. गेला होता, पण कोरियाच्या फुटबॉल संघटनेने निवडून पाठवलं होतं म्हणून. त्याआधी वर्षानुवर्षं वडिलांनी त्याच्याकडून दोन्ही पायांनी बॉल थांबवणं, बॉल हवेत ठेवणं, एवढंच घोटून घेतलं होतं. वडील स्वतः व्यावसायिक खेळलेले, दुखापतीने लवकर थांबलेले. त्यांना ठाऊक होतं की या वयात घाई कशाची करायची आणि कशाची नाही.

एजंटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. खऱ्या एजंटला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. अल्पवयीन मुलाशी बोलायचं तर पालकांची लेखी संमती लागते, आणि तीही त्या देशात पहिला व्यावसायिक करार करता येईल त्या वयाच्या सहा महिने आधीपासूनच. तेरा वर्षांच्या मुलाच्या घरी असा फोन येणं हेच नियमाबाहेर आहे. आणि हे फक्त पैशापुरतं नसतं. जून २०२३ मध्ये पोर्तुगालमध्ये एका फुटबॉल अकादमीवर तिथल्या यंत्रणेने मानवी तस्करीच्या संशयावरून धाड घातली, तेव्हा आत परदेशांतून आणलेली अनेक अल्पवयीन मुलं सापडली. त्यांच्याही आईवडिलांना कुणीतरी ‘करार’ म्हणूनच सांगितलं असणार.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे.

तेरा ते सतरा या वयात मुलाला सगळ्यात जास्त गरज असते ती सामन्यांची. पूर्ण मैदानावरचे, अकरा-अकराचे, रेफरी असलेले सामने. नागपुरात गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली टर्फ, म्हणजे जाळी लावलेली कृत्रिम गवताची छोटी मैदानं, झाले. पोट्टे ताशी पैसे भरून रात्री पाच-पाच खेळतात. वाईट नाही, पाय चपळ होतात. पण त्या पिंजऱ्यात बॉल भिंतीला लागून परत येतो, चाळीस मीटरवर काय चाललंय ते बघावंच लागत नाही. मग असा पोरगा मोठ्या ग्राउंडवर आला की बॉल मिळाल्यावर डोकं वर करतो. डोकं बॉल येण्याआधी वर पाहिजे. तुमच्या मुलाचा पुढचा सामना बघायला जा आणि गोल मोजू नका. बॉल त्याच्याकडे येण्याआधीच्या पाच सेकंदांत तो मागे वळून किती वेळा बघतो ते मोजा. मी निवडीला बसतो तेव्हा हेच बघतो.

सामन्यांची शिडी आपल्याकडे आहे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढतात, आणि त्याच वाटेने १९६० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या सुब्रोतो कप या देशपातळीवरच्या शालेय स्पर्धेपर्यंत पोहोचता येतं. त्याशिवाय जिल्हा संघटनेच्या वयोगटांच्या स्पर्धा असतात. त्याला फक्त शाळेपुरता ठेवू नका, लीग खेळणाऱ्या एखाद्या क्लबमध्ये घाला. कामठी आणि मोमिनपुऱ्यात फुटबॉल पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. तिथली तेरा वर्षांची पोरं तुमच्या विंगरला सुखाने वळू देणार नाहीत, आणि त्याला तेच हवंय.

क्लबने त्याची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नोंद केली की नाही, हे स्वतः विचारून घ्या. त्या नोंदीवरच त्याचा खेळाडू म्हणून इतिहास तयार होतो. पुढे कधी त्याची परदेशी क्लबकडे पैसे देऊन बदली झाली, तर फिफाच्या नियमाने त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. बारा ते पंधरा या वयाच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का. एक कोटीची बदली झाली तर ही चार वर्षं घडवणाऱ्या इथल्या छोट्या क्लबला एक लाख मिळतील. आमच्यासारख्यांना एक लाखात दोन वर्षांचे बॉल आणि नेट येतात. पण नोंदच नसेल तर कोणाला काय मिळणार!

जन्मतारखेला हात लावू नका. हे मुद्दाम लिहितोय, कारण ‘दोन वर्षं कमी दाखवा, सिलेक्शन सोपं जाईल’ असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. महासंघ मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतो. सापडला तर पोरगा बाद, आणि डाग त्याच्या नावावर. तुमचा मुलगा वर्षाच्या शेवटी जन्मलेला असेल आणि संघात सगळ्यात लहानखुरा दिसत असेल, तर धीर धरा. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक डोळ्यांत भरतो, विशीत दिसतही नाही.

सरावाचं म्हणाल तर आठवड्यातून चार दिवस पुरे, एक-दोन सामने, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सकाळी सात वाजायच्या आत ग्राउंड सोडायचं. सुरुवातीला ‘फिफा ११+’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप करून घ्या, फुकट आहे, व्हिडिओ बघून शिकता येतो, दुखापती कमी होतात हे तपासून झालेलं आहे. रात्री आठ-दहा तास झोप. प्रोटीनच्या डब्यांवर पैसे घालू नका, अंडी, भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, दूध, वरण-भात यावर या वयाचं सगळं भागतं.

एक दुखणं मात्र ओळखायला शिका. उंची भराभर वाढत असताना गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला, दुखरा फुगवटा येतो. हाडावर ओढ बसल्याने होतं, धावणं कमी केलं की काही आठवड्यांत-महिन्यांत बसतं. मी एका फायनलआधी एका पोराला वेदनेचं इंजेक्शन देऊन उतरवलेलं पाहिलंय. कप मिळाला. तो पोरगा पुढचा हंगाम कडेला बसून होता. असं करायला सांगणारा कोच असेल तर क्लब बदला.

पंधराच्या आसपास नागपूर सोडायची वेळ येऊ शकते, हे मनाशी धरून ठेवा. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ मध्ये सुरू झाली, पण तिच्यात विदर्भाचा क्लब कधीच नव्हता. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून आहे. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स आहे. भुवनेश्वरला २०२३ मध्ये महासंघ आणि फिफाची अकादमी सुरू झाली. तिथे पोरं पारखून निवडतात आणि निवडलेल्याचा खर्च अकादमी उचलते. ज्याला तुमचा मुलगा खरोखर हवा आहे तो तुमच्याकडे साडेतीन लाख मागत नाही.

आणि शाळा सोडू देऊ नका. २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या खेळाडूंची ही गत झाली. जपानच्या काओरु मितोमाला अठराव्या वर्षी कावासाकी फ्रोंताले या क्लबने मोठ्या संघात बोलावलं, तेव्हा तो आधी त्सुकुबा विद्यापीठात शिकायला गेला. तिथे त्याने ड्रिब्लिंगवरच, म्हणजे बॉल पायात ठेवून समोरच्याला चुकवण्यावर, प्रबंध लिहिला, सहकाऱ्यांच्या डोक्याला कॅमेरे बांधून चांगला खेळाडू कुठे बघतो ते तपासलं. पदवी घेऊन मग व्यावसायिक झाला आणि पुढे इंग्लंडमध्ये ब्रायटनकडून खेळला. आपल्याकडे दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे, पोलीस, सैन्य खेळाडू घेतात. माझी दोन पोरं रेल्वेत याच वाटेने गेली आणि आजही लीग खेळतात. नागपूरच्याच विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन ‘स्लम सॉकर’ सुरू केलं, २०१६ मध्ये फिफाने त्या संस्थेला पुरस्कार दिला. तिथून घडलेली कितीतरी पोरं आज दुसऱ्यांना शिकवतात, आणि फुटबॉलवर पोट भरण्याची ही वाट मी कमी मानत नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की धाकटी मुलगी भावाबरोबर खेळते, ‘पण ती असंच’. तिलाही क्लबमध्ये घाला. पंजाबातल्या खेड्यातली मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून युरोपातल्या महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली, भारतातली पहिली. मुलींच्या संघांत आजही चांगल्या पायांची कमी आहे. दहाव्या वर्षी सुरुवात केली तर तिला खूप खेळायला मिळेल.

राहिलं ते मुलाला कसं सांगायचं. तो दोन दिवस जेवणार नाही, हे मी गृहीत धरतो. ‘पैसे नाहीत’ असं सांगू नका, नाहीतर तो आयुष्यभर त्या पैशांचा हिशेब करत बसेल. नियम जसा आहे तसा सांगा, कुबोची गोष्ट सांगा, आणि अठरा वर्षं व्हायला किती महिने राहिले ते त्याच्यासोबत बसून मोजा. मग पहाटे त्याला स्वतः ग्राउंडवर घेऊन जा, आणि सोडून परत फिरू नका. पूर्ण सराव कडेला बसून बघा. त्या ऑटोवाल्या भाऊंनी शेवटी हेच केलं होतं. पोरगा तिसऱ्या आठवड्यात पुन्हा हसायला लागला.