वाचकांचे प्रश्न : समर कॅम्पला पाठवलं की इंग्रजीची भीती जाते का?

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत, इंग्लिश मिडियम. पेपरमध्ये मार्क छान येतात, गोष्टीची पुस्तकं पण वाचते, पण समोरून कोणी इंग्रजीत बोललं की एकदम गप्प. मागच्या महिन्यात आमच्याकडे पाहुणे आले होते, त्यांनी साधं विचारलं कोणता सब्जेक्ट आवडतो, तर ही सरळ आतल्या खोलीत निघून गेली. मिस्टर म्हणतात इंटरनॅशनल समर कॅम्पला पाठवू, चार आठवडे बाहेरच्या मुलांमध्ये राहिली की आपोआप फाडफाड बोलेल. खर्च ऐकून माझा जीव दडपला, एफडी मोडावी लागेल. पाठवू की नको?
– एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, आधी एक सांगते, तुमच्या मुलीला इंग्रजी येतं. जी मुलगी पुस्तकं वाचते तिच्याकडे शब्द भरपूर आहेत, अडतंय ते दुसरीकडेच. पाहुण्यांसमोर तिला इंग्रजी बोलायचं नव्हतंच, तिला इंग्रजी बोलून *दाखवायचं* होतं, आणि हा फरक मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

तुमची मुलगी हिंदी कुठं शिकली ते आठवून बघा. कोणता क्लास लावला होता? नाही ना? १९५६ पर्यंत आपलं नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे हिंदी इथं गल्लीगल्लीत आहे, आणि आपली पोरं ती खालच्या फ्लॅटमधल्या मुलांशी भांडता भांडता शिकतात. सुरुवातीला तिनं "मेरा किताब दे" म्हटलंच असेल. कोणी टोकलं नाही, समोरच्यानं किताब दिली, खेळ पुढं सुरू झाला, आणि कधीतरी ते "मेरी किताब" आपोआप झालं, तुम्हाला पण कळलं नसेल कधी. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच वाक्याला लाल पेन घेऊन उभे राहतो.

अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात हे फार चांगलं मांडलंय, की मनात भीती किंवा लाज असली की कानावर पडलेली भाषा आत मुरतच नाही, मध्ये जणू गाळणी लागते. आणि मुलं नव्या भाषेत सुरुवातीला बरेच दिवस नुसती ऐकतात, बोलत नाहीत, तो काळही शिकण्याचाच असतो.

आता कॅम्पचं. मी एकदा चार मुलं घेऊन युरोपातल्या एका कॅम्पला मोठ्यांपैकी एक म्हणून गेले होते. आपल्याकडची एक मुलगी होती, तुमच्या लेकीसारखीच, वर्गात पहिली येणारी. पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत तिला अजून एक ब्रेड हवा होता. मी मागंच उभी होते, तिचे ओठ हलताना मला दिसत होते, मनातल्या मनात वाक्य जुळवत होती, कुड आय की कॅन आय, मोर ब्रेड की वन मोर ब्रेड. तेवढ्यात मागून एक इटालियन मुलगा आला, प्लेट पुढं केली आणि मोठ्यांदा म्हणाला, "आय हॅव हंग्री!" त्यांच्या भाषेत भूक "असते", म्हणून तो तसं म्हणाला. वाढणाऱ्या बाईंनी हसून त्याला दोन ब्रेड दिले, कोणाला काहीच वावगं वाटलं नाही. ही त्याच्याकडे बघतच राहिली. रात्री मला म्हणाली, "मॅडम, त्याचं चुकलं होतं ना?" मी म्हटलं हो. "मग त्याला कोणी काही म्हटलं का नाही?" तिसऱ्या दिवशी ती त्याच मुलाशी टेबल टेनिसच्या पॉइंटवरून कडाकडा भांडत होती, इंग्रजीत, आणि व्याकरण दोघांचंही धड नव्हतं.

म्हणजे कॅम्पमध्ये जे काम करतं ते हे, की तिथं बहुतेक मुलांचं इंग्रजी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या नंबरचं असतं, सगळे सारखेच अडखळतात, आणि इंग्रजी हा विषय नसतोच, ती बॉल मागायला, तंबू लावायला, भांडण मिटवायला लागणारी वस्तू असते. सीआयएसव्ही नावाची एक जुनी संस्था आहे, डोरिस अ‍ॅलन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुरू केलेली, त्यांचा पहिला कॅम्प १९५१ साली अमेरिकेत सिनसिनाटीला झाला. त्यांच्या मुख्य कॅम्पला अकरा वर्षांचीच मुलं घेतात, प्रत्येक देशातून दोन मुली, दोन मुलं आणि सोबत एक मोठं माणूस, साधारण चार आठवडे. भाषा इंग्रजी, पण उद्देश इंग्रजी शिकवणं नाही, देशोदेशीच्या मुलांची मैत्री व्हावी हा. मला तर वाटतं म्हणूनच तिथं मुलं बोलती होतात. आणि एका देशाची चारच मुलं असतात हेही फार महत्त्वाचं आहे.

कारण आपल्याकडे आजकाल कोणत्याही कॅम्पच्या बोर्डावर इंटरनॅशनल लिहिलेलं असतं. तुम्ही पैसे भरायच्या आधी सरळ विचारा, मागच्या वर्षी कोणकोणत्या देशांची मुलं आली होती आणि एका खोलीत आपल्याकडची किती ठेवता. एका डॉर्ममध्ये वीस नागपूरकर असले तर महिनाभर मराठी-हिंदीच चालणार, त्यात मुलांची काही चूक नाही. दुसरं विचारा की दिवसभर काय काय करून घेता. स्पोकन इंग्लिशचे तास, वर्कशीट, शेवटच्या दिवशी स्टेजवर भाषण असं सांगितलं तर तो क्लासच झाला, तो आपल्या सीताबर्डीच्या बाजारातही मिळतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. युरोप-अमेरिकेचा समर म्हणजे जुलै-ऑगस्ट. आपली सुट्टी एप्रिल-मेच्या उन्हात, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, तरी जूनअखेर सुरू होतातच. म्हणजे मुलीची शाळा बुडणार, ते शाळेशी आधी बोलून ठेवावं लागतं. पासपोर्ट पण लवकर करा, लहान मुलांचा साधारण पाच वर्षांचाच असतो आणि आई-वडील दोघांची संमती लागते.

राहिला पैशांचा प्रश्न. एफडी मोडू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. हातात जास्तीचे पैसे असते तर मी आनंदानं पाठवा म्हटलं असतं, पण घराला ओढ लावून पाठवलं की मुलीच्या डोक्यावर ओझं येतं, की एवढे पैसे लावले, आता मला बोलताच यायला हवं. आणि मग परत तीच गाळणी. घरी मात्र आजपासून एक करा, पाहुण्यांसमोर "बेटा, इंग्लिशमध्ये सांग" हे पूर्ण बंद. तिच्या बाबांना पण सांगा.

प्रश्न : मॅडम, माझं कामठीला वेल्डिंगचं दुकान आहे. पोरगा सातवीत, मराठी शाळेत. गणितात हुशार आहे पण इंग्रजी म्हटलं की घाबरून राहिला. दुकानाशेजारच्यांची पोरं असे कॅम्प करून येतात, माझ्याच्यानं तो खर्च होत नाही. मला स्वतःला इंग्रजी येत नाही, मग घरी कोण बोलणार? आपल्यासारख्यांनी काय करावं?
– एक वडील, कामठी

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्हाला येत नाही हे तुम्ही मोकळेपणानं लिहिलंय आणि तीच तुमची ताकद आहे. पोराला सांगा, मला शिकव. रोज संध्याकाळी दुकानातली एक वस्तू घेऊन तो तुम्हाला इंग्रजीत तिचं काम सांगेल, ग्राइंडर, रॉड, पान्हा काहीही. तुम्हाला चूक काढताच येणार नाही, त्यामुळे तो बिनधास्त बोलेल. एखादा शब्द अडला तर मराठी शब्द घालून पुढं जायचं, थांबायचं नाही, एवढाच नियम.

मराठी शाळांमध्येही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तुमच्या मुलाच्या कानावर सहा-सात वर्षं ती पडतेय. तो अडखळतो कारण तो मनात मराठी वाक्य बनवतो आणि आपल्या वाक्यात काम करणारा शब्द शेवटी येतो. "मी काल फुटाळा तलावावर भुट्टा खाल्ला", यातला "खाल्ला" इंग्रजीत उचलून "मी"च्या लगेच मागं आणावा लागतो, आणि तो आणेपर्यंत समोरचा माणूस दुसरं काहीतरी बोलायला लागलेला असतो. म्हणून छोटी छोटी वाक्यं हवीत, आणि त्याला सगळ्यात भारी उपाय म्हणजे गल्ली क्रिकेटची कॉमेंट्री. ही कम्स, ही बोल्स, ही हिट्स, बॉल गोज इन द नाली. आउट झालेल्या पोरानं पुढची ओव्हर कॉमेंट्री करायची असा नियम ठेवा, चार-पाच पोरं असली तरी पुरे. मी हे दोन उन्हाळे आमच्या कॉलनीत करून पाहिलंय, पहिले दोन दिवस हसतात, मग नंबर लावून भांडतात.

बाहेरच्या देशातल्या मुलांशी बोलायची फुकटची सोय पण आहे. शाळेत स्काउट असेल तर सरांना जांबोरी ऑन द एअरबद्दल विचारा. १९५८ पासून जगभरातले स्काउट हौशी लोकांच्या रेडिओवरून एकमेकांशी बोलतात, आता इंटरनेटवरूनही, दरवर्षी ऑक्टोबरमध्ये. आणि तुमच्या कामठीतच ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आहे, तिथं जपानहून पाहुणे येतात, त्यांचंही इंग्रजी शिकलेलंच असतं. तुम्ही सोबत असताना पोराला जाऊन "वेलकम टू कामठी" एवढं म्हणू द्या, समोरचं माणूस पण आपल्यासारखंच शब्द शोधतंय हे एकदा डोळ्यांनी दिसलं ना, की निम्मी भीती तिथंच उतरते.

प्रश्न : ताई, मी बारा वर्षांची आहे. माझं कॅम्पला सिलेक्शन झालं आहे, जुलैमध्ये जायचंय. सगळे म्हणतात किती लकी, पण मला रोज पोटात गोळा येतो. आमच्या ट्यूशनमध्ये मी एकदा वाइनला व्हाइन म्हटलं तर सगळे हसले होते, सर पण. तिथं पहिल्या दिवशी मी काय बोलू?
– धरमपेठ

उत्तर : बाळा, सरांनी हसायला नको होतं. चूक तुझी नव्हती, आपल्या तोंडाला एकाच "व"ची सवय असते. गंमत बघ, लिहिताना आपण फरक करतोच, वॉच लिहितो आणि व्हॅन लिहितो. व्हॅन म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकव, वॉच म्हणताना ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल कर. आरशासमोर पाच मिनिटं, झालं. बाकी तुझे उच्चार नागपूरचेच राहू देत, तिथं जपानची मुलं जपानच्या उच्चारात बोलतील आणि ब्राझीलची ब्राझीलच्या.

पहिल्या दिवशी फार बोलावंच लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस नुसतं ऐकत राहिलीस तरी चालेल, सगळीच मुलं तसं करतात. तीन वाक्यं मात्र तोंडात तयार ठेव : "से इट अगेन प्लीज", "व्हॉट डू यू कॉल धिस?" आणि "शो मी". या तिघांवर अख्खा दिवस निघतो, खरंच. रात्री घरची आठवण आली की रडू येईल, तेव्हा तुमच्यासोबतच्या ताईंना किंवा दादांना जाऊन सांग, मराठीत सांग, त्यासाठीच ते आलेले असतात.

आणि एक खेळ घेऊन जा जो फक्त तुला येतो. लगोरी ने. दगड कसे रचायचे, बॉल कधी मारायचा, रचून झाले की काय ओरडायचं, हे तुलाच सांगावं लागेल, कारण दुसऱ्या कोणाला माहीतच नसणार, आणि मुलं तुझ्या मागं लागतील की परत सांग, परत दाखव. आई-बाबांसमोर एकदा इंग्रजीत समजावून बघ, हातवारे करत, अडलं तिथं करून दाखवत. सात चपटे दगड तिथं कुठंही मिळतील, बॉल मात्र इथूनच बॅगेत टाक, रबरी, मऊ असलेला.