जाड्या-रड्यांना इतिहासात नेताना

लॉरेल-हार्डी या जुन्या विनोदी सिनेमांतल्या जाड्या-रड्या जोडीवरून ऐतिहासिक कथेतली दोन पात्रं बेतताय ना, मग जाडा-बारका एवढ्यावर थांबू नका. खरी गंमत त्यांच्या नात्यात आहे. हार्डी स्वतःला शहाणा समजून पुढाकार घेतो आणि फजिती झाली की थेट कॅमेऱ्याकडे बघतो. लॉरेल निरागसपणे घोळ वाढवत नेतो. तरी साथ सुटत नाही.

हे नातं तुमच्या काळातल्या कामाला जोडा. दरबारी लेखनिक ऐटीत खलित्यावर, म्हणजे पत्राच्या थैलीवर, लाखेची मोहोर उमटवतो, आणि पत्र अजून मदतनिसाच्या हातातच असतं! तेवढ्यात स्वार निघूनही जातो. असे विनोद त्या काळातूनच उगवतात (आजचे टोमणे त्यांच्या तोंडी अजिबात नकोत). आणि मदतनिसालाही एखादा प्रसंग असा द्या, जिथे त्याचंच बरोबर ठरतं.